वेणूची अर्धी पत्रं

मार्गशीर्ष अर्धा सरला की आमच्या भोरच्या वाटांवरून पेंढ्याच्या गाड्या जायला लागतात. भात झोडून झालेलं असतं, दाणे कणगीत पडलेले असतात, आणि उरलेला पेंढा गाडीबाहेर लोंबत, झाडांच्या फांद्यांना काड्या अडकवत गावात येतो. हिर्डोशीकडच्या गाड्या सकाळच्या धुक्यातून आल्या की बैल दिसतच नाहीत, नुसता पेंढ्याचा ढीग पुढं सरकताना दिसतो. माझी मुलं त्यामागं धावतात. शेजारणी म्हणतात, "काय वास सुटलाय नव्या भाताचा!" मी हो म्हणते आणि दार लोटून घेते.

मला त्या वासानं गाठीचा ताप, प्लेग, आठवतो. लोकांना सुगी आठवते, मला झोपड्या आठवतात. आणि ज्याची लाज वाटावी की नाही हे अजून मला ठरवता आलेलं नाही, असं एक सुखही त्याच वासाबरोबर आठवतं. आयुष्यात पुस्तकाचं खरं सुख मला मिळालं ते त्या मरणाच्या दिवसांत. त्याआधी मिळालं नव्हतं, त्यानंतर मिळालं नाही.

भाटघरच्या धरणाचं काम चालू होतं, त्या काळातली गोष्ट. माझं लग्न नुकतं झालेलं. एके सकाळी सासूबाईंना जात्यामागं मेलेला उंदीर दिसला. त्या ओरडल्या नाहीत. हातातलं सूप खाली ठेवलं, चिमट्यानं उंदीर उचलून बाहेर टाकला, त्यावर घासलेट ओतून पेटवून दिला आणि आत येऊन भांडी बांधायला लागल्या. मी नुसती बघत राहिले. "बघतेस काय? अंथरुणं गुंडाळ," एवढंच म्हणाल्या. दुपारी दवंडी पिटली. संध्याकाळपर्यंत निम्मा गाव नदीपलीकडच्या मळ्यांत गेला होता.

तिथं कारवीचे कूड उभे राहिले, त्यांवर नव्या पेंढ्याची छपरं पडली. जमीन शेणानं सारवली तरी ओली लागायची. पहाटे नीरेवरचं धुकं थेट अंथरुणात यायचं. आणि सगळीकडे तो पेंढ्याचा वास. धान्याला, दुधाला, केसांना, नेसूच्या लुगड्याला.

गावात आमची आळी आमची होती आणि पाटलांची आळी त्यांची. मध्ये भिंती होत्या, चौक होता, आणि त्याहून मोठं सोवळं होतं. मळ्यात मात्र ज्याला जिथं जागा मिळाली तिथं त्यानं खांब रोवले. आमच्या शेजारची झोपडी काशीची होती. काशी कुणब्याची सून, माहेर भोंगवलीचं. माझ्याच वयाची, उंच, दात जरा पुढं, आणि बोलताना हात हलवायची सवय. आमच्या दोघींच्या मध्ये एक कूड होता. त्याच्या फटींतून तिची चूल मला दिसायची आणि माझी तिला.

माझ्याजवळ वाचायला एकच पुस्तक होतं. पुण्याला शिकणाऱ्या माझ्या भावानं दिवाळीत दिलेलं. त्यानंही ते कुठल्याशा जुन्या बाजारातून उचललेलं. वरचा पुठ्ठा गेलेला, पहिली पानं फाटलेली. पुस्तकाचं नाव काय, कोणी छापलं, काहीच कळायला मार्ग नव्हता. आत सगळी पत्रं होती. एका बाईनं आपल्या मैत्रिणीला लिहिलेली. प्रत्येक पत्राच्या वर 'प्रिय द्वारके' आणि खाली 'तुझी वेणू'. वेणू वऱ्हाडात, नवऱ्याच्या नोकरीच्या गावी. द्वारका माहेरच्या गावी, समुद्राकाठी. बस, एवढंच.

मी ते आधी एकटीनं वाचायला घेतलं होतं. दोन पत्रं वाचून ठेवून दिलं होतं. चांगलं वाटलं होतं, पण एकटीनं जेवल्यासारखं. भूक भागते, चव लक्षात राहत नाही.

एका दुपारी कुडाला टेकून मी अर्धवट मोठ्यानं वाचत होते. वेणूनं लिहिलं होतं की इथल्या विहिरीचं पाणी असं मचूळ की डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी शिजत नाही, आणि घरी जेवायला आलेले साहेब लोक अर्धकच्ची डाळ गिळून 'वा वा' म्हणतात. पलीकडून आवाज आला.

"मग तिनं डाळ रातीच भिजत का न्हाई घातली?"

मी दचकले. "कोण? काशी?"

"व्हय. वहिनी, त्या बायला लिवा की, चिमूटभर सोडा टाक म्हनावं."

"अगं, हे पुस्तक आहे. छापलेलं. ती बाई आता कुठं असेल कोण जाणे."

पलीकडं तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "असंल कुठं तरी. पुढं वाचा."

अशी सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी ती कुडाला वळसा घालून आमच्या दाराशी येऊन बसली. तिला वाचता येत होतं. भोंगवलीच्या शाळेत तिसरीपर्यंत गेली होती. पण सासरी आल्यावर वाचायला काही मिळालंच नव्हतं, त्यामुळे अक्षरं गंजली होती. बोट ठेवून, एकेक शब्द चाचपडत ती वाचायची. जोडाक्षर आलं की थांबायची, ओठ हलवून बघायची, आणि जमलं की माझ्याकडे बघून हसायची.

तिसरी आली साळूबाई. ती धनगराची, आमच्याहून बरीच मोठी. वरच्या माळावर त्यांचा वाडा होता, शेळ्या-मेंढ्या आणि दोन म्हशी. झोपड्यांना दूध घालायला यायची. वाचणं तिला ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी चरवी टेकवून उभ्याउभ्याच ऐकलं आणि विचारलं, "ही कुन्या गावची बाय म्हनायची?" दुसऱ्या दिवशी बसली. तिसऱ्या दिवसापासून आमच्या झोपडीचं दूध सगळ्यांत शेवटी यायला लागलं, म्हणजे बसायला मोकळीक.

सासूबाईंना हे रुचलं नव्हतं. पण त्या दिवसांत बोलायचं तरी किती, आणि कोणाला? त्या आमच्यापासून चार हात लांब, पाठ करून, वाती वळत बसायच्या. मी चुकून आवाज बारीक केला की पाठमोऱ्याच म्हणायच्या, "घशाला काय झालं गं?"

रोज एकच पत्र वाचायचं असा नेम आम्ही केला होता. पुस्तक लहान होतं आणि मळ्यातले दिवस लांब. काशीला दम धरवत नसे. "अजून एक," म्हणून ती मागं लागायची, आणि मी पुस्तक उशाखाली ठेवून द्यायची. पण एका पत्राला दुपार पुरत नसे. वाचायला घटकाभर, आणि भांडायला उरलेला सगळा वेळ. वेणूच्या नवऱ्यानं तिला द्वारकेकडे पाठवायचं कबूल केलं आणि ऐन वैशाखात मोडता घातला, त्यावरून तर काशी माझ्यावरच तुटून पडली.

"तिनं ऐकलं कशाला? सरळ गाडीत बसायचं."

"अगं, नवरा नाही म्हणाला. एकटी कशी जाईल?"

"तू तर त्याचीच बाजू घेनार!" ती म्हणाली, आणि मग जीभ चावली. मला 'तू' म्हणाली होती. सासूबाईंचे हात वातीवर थांबले. काशीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "घेणारच. पण तू म्हणतेस ते खरं आहे." आणि सासूबाईंची बोटं पुन्हा वळायला लागली.

एका पत्रात वेणूनं पानभर लिंबाच्या लोणच्याबद्दल लिहिलं होतं. मीठ किती, ऊन किती, बरणीच्या तोंडाला कसल्या फडक्याचा दादरा बांधायचा. काशी वाचत होती. लोणचं संपलं, आणि शेवटी एकच ओळ होती: 'आपली बाळी गेल्या अमावास्येला गेली. बरणी बांधताना तिचंच जुनं झबलं हाताला आलं.' काशीनं ती ओळ वाचली, पुढं 'तुझी वेणू' वाचलं आणि बोट तसंच ठेवून बसली. साळूबाईनं पदर तोंडाला लावला. सासूबाई पाठमोऱ्याच होत्या, पण त्यांची मान खाली गेलेली मला दिसली. त्यांचीही एक मुलगी गेली होती, हे मला ठाऊक होतं. माझ्यापाशी त्या ते कधी बोलल्या नव्हत्या. त्या दुपारी बोलल्या. मागं वळल्या नाहीत. कुडाकडे तोंड करून, तिचे केस कसे होते ते सांगत राहिल्या, आणि आम्ही तिघी ऐकत राहिलो.

वाचन म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. एक बाई वऱ्हाडात बसून लिहिते, आणि तिची ओळ नीरेकाठच्या चार बायकांमध्ये अशी येऊन पडते की ज्यांनी एकमेकींच्या हातचं पाणी प्यायलं नसतं त्या एकमेकींच्या मेलेल्या लेकरांसाठी रडतात. एकटीनं वाचलं असतं तर मी लोणच्याची कृती लक्षात ठेवली असती.

आणि चारी बाजूंना माणसं मरत होती. पलीकडच्या मळ्यातून दिवसाआड रडणं ऐकू यायचं. ज्याला ताप येई त्याची झोपडी लांब, नदीच्या वळणाला, आणि भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. आमची झोपड्यांची ओळ मात्र टिकून होती. टोचून घेतलं होतं कोणी कोणी. आम्हाला वाटायला लागलं होतं की आपल्याला आता काही होत नाही. माणसाला असं वाटतं, त्याला काही आधार लागत नाही.

पुस्तक त्या दिवशी काशीकडे होतं. पुढचं पत्र तिनं वाचायचं होतं, आणि अडखळू नये म्हणून आदल्या संध्याकाळी तिनं मागून नेलं होतं. सकाळी कुडाच्या फटीतून मी बघितलं तर तिची चूल थंड. तिची सासू दारात बसलेली, डोक्याला हात लावून. मला बघून म्हणाली, "जांघंत गाठ हाय. अंग भाजतंय."

दुपारपर्यंत काशीला त्या वळणावरच्या झोपडीत नेलं. तिचा नवरा रामा आणि तिची सासू दोघं तिच्यापाशी. तिनं पुस्तक सोबत नेलं होतं. घोंगडीत गुंडाळून घेतलं होतं म्हणे, काढून घेऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंपणापाशी गेले. साळूबाई आधीच तिथं उभी होती. थोड्या वेळानं मागं चाहूल लागली; सासूबाई होत्या. मला वाटलं ओढून नेतील. पण त्या एक दगड बघून बसल्या. आज हातात वाती नव्हत्या, आणि तोंड झोपडीकडे होतं.

रामानं दारातलं तरट बाजूला केलं. आत अंधार होता. काशी दिसत नव्हती, आवाज आला.

"वहिनी, आलासा? माझी पाळी हाय आज."

"काशी, नको गं. पडून राहा."

"पडल्या पडल्याच वाचते. म्या काल समदं बघून ठिवलंय."

आणि तिनं वाचायला घेतलं. एरवी अडखळायची त्याहून जास्त अडखळत होती. एक ओळ दोनदा वाचली. मध्येच पाणी मागितलं. जोडाक्षरापाशी थांबली तेव्हा आम्ही तिघी बाहेर कान देऊन, की आता पुढचा शब्द येतो की नाही. साळूबाई म्हणाली, "दमानं, काशीबाय, दमानं. आमी हितंच हाय."

त्या पत्रात वेणूच्या नवऱ्याची बदली झाली होती. बदलीच्या गडबडीत पंधरा दिवस ती मोकळी होती आणि पुन्हा एकदा द्वारकेकडे जायचं घाटत होतं. पत्र संपलं. काशी धापा टाकत होती. मग तिनं विचारलं,

"वहिनी, आज एकच वाचायचं, का अजून वाचू?"

मी सासूबाईंकडे बघितलं. साळूबाईकडे बघितलं. नदीवर कोणाचे तरी बैल पाणी पीत होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "वाच काशी. हवी तितकी वाच."

आत शांत झालं. नेम मी आजवर कधी मोडू दिला नव्हता. आज मी तो का मोडला हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे आम्हाला बाहेर कळलं. मग तिचा आवाज आला, अगदी साधा, एखाद्या कामाला रुकार द्यावा तसा.

"बरं."

तिनं पुढचं पत्र वाचलं. त्याच्या पुढचंही घेतलं. त्यात वेणूनं सामान बांधलं होतं. सोबतीला दीर मिळाला होता. रेल्वेच्या डब्यात कुठं बसायचं, द्वारकेला ओळखता येईल का, आपले केस आता किती पांढरे झालेत, असं काय काय होतं. मध्येच काशीचं वाचणं विसकटलं. शब्द पुस्तकातले की तिचे, कळेना. "द्वारके, म्या निगाले," असं ती म्हणाली, आणि वेणू काही 'म्या' लिहीत नव्हती. मग तिच्या सासूनं आतून सांगितलं, "बास आता. झोपली."

ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी वातात बडबडत होती, आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी गेली.

तिला नेल्यावर झोपडी जाळायची होती. तसा हुकूमच होता, अंथरूण-पांघरूण, भांड्याकुंड्यासकट. रामा पेटती चूड घेऊन उभा होता. वाऱ्यानं त्याच्या मुंडाशाचं टोक चुडीकडे उडत होतं, आणि त्याचं लक्ष नव्हतं. आमच्या घरची माणसं लांब उभी होती. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, तुमचं पुस्तक हाय आत. उशाला हाय. काढू का?"

माझे यजमान म्हणाले, "नको रामा. राहू दे. तू आत जाऊ नकोस."

तो म्हणाला, "तिनं जपून ठिवलं हुतं." एवढं बोलून त्यानं चूड छपराला लावली. पेंढा कोरडा झाला होता. जळायला वेळ लागला नाही.

आम्ही फाल्गुनात गावात परतलो. घरांची कौलं उतरवून उन्हं आत घेतलेली, भिंतींना चुना, कोपऱ्यांत गंधकाची धुरी. आळ्या पुन्हा आपापल्या जागी गेल्या. रामाची आई एकदा वाटेत दिसली; तिनं पदर पुढं ओढला आणि रस्त्याच्या कडेला झाली, मी जाईपर्यंत. मळ्यात ती माझ्या चुलीवरून निखारा नेत होती. मी थांबले, मग तशीच पुढं निघाले. तिनं वर बघितलं नाही.

यजमानांनी मला दुसरी प्रत आणून देण्याचं कबूल केलं होतं. त्यांनी मनापासून शोध घेतला. पुण्याला गेले की जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून विचारायचे. पण विचारणार काय? पुस्तकाचं नाव माहीत नाही, लिहिणारीचं आडनाव माहीत नाही. 'वेणूची पत्रं आहेत का' म्हटल्यावर एका दुकानदारानं त्यांच्याकडे असं बघितलं म्हणे, की हे कोणाची खासगी पत्रं मागतायत. भावालाही काही आठवत नव्हतं. पुढं मीही शोधायचं सोडलं. समजा मिळालं असतं, वेणू द्वारकेच्या दारात पोचली की नाही ते मला एकटीला कळलं असतं, तर मी ते कोणाला जाऊन सांगितलं असतं?

सासूबाईंशी मी एकदा विषय काढला होता. देव पूजत होत्या. "कोण वेणू?" म्हणाल्या. विसरल्या नव्हत्या, हे त्यांच्या हातावरून कळलं; पळीतलं पाणी ताम्हनाबाहेर सांडलं. पण त्यांनी ते दार लावून घेतलं होतं. लेकीचं नावही पुन्हा कधी काढलं नाही. आता त्याही नाहीत.

राहिली साळूबाई. तिचं दूध दुसऱ्या आळीला लागलं होतं, मग बंद झालं. गेल्या वर्षी आम्ही हिर्डोशीच्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो. तिचा वाडा आता त्या अंगाला असल्याचं कळलं. मी चालत वर गेले. म्हातारी झाली आहे. अंगणात करडं घेऊन बसली होती. तिनं मला ओळखलं, हात धरून घोंगडीवर बसवलं, दूध तापवायला सांगितलं. घरचं, दारचं सगळं झालं. मग मी म्हटलं,

"साळूबाई, ती वेणू आठवते का गं? पत्रं लिहायची ती?"

तिनं करडू मांडीवरून खाली ठेवलं.

"आटवती की. न आटवायला काय झालं?" ती म्हणाली. "पर वैनी, तिचं नाव काढू नगासा. ती बाय बोलाय लागली की मला काशीबायचा आवाज येतो. लई दिवस येत हुता. रानात यायचा. आता कुठं थांबलाय."

मी म्हटलं, "बरं." दूध प्याले. ती मला वाड्याच्या दारापर्यंत पोचवायला आली, डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. उतरताना मी मागं वळून बघितलं, तेव्हा ती आत गेली होती.

म्हणजे आता ती अर्धी पत्रं एकट्या माझ्यापाशी आहेत. पुस्तक एकीच्या घरात राहू शकतं. पण त्या दुपारींत जे वाचलं ते चौघींमध्ये ठेवलेलं होतं, आणि तीन कोपरे सुटल्यावर उरलेलं टोक धरून मी काय करणार? हल्ली तेही निसटतं. कुठल्या पत्रानंतर कुठलं, याचा घोळ होतो. गावं विसरले. वेणूच्या दिराचं नाव गेलं. विचारावं असं कोणी नाही, आणि चुकलं तर 'असं नव्हतं' म्हणायलाही कोणी नाही.

परवा भाजी निवडताना एक पत्र मनात आलं. 'आज दुपारी अंगणात वानरांची टोळी उतरली,' अशी त्याची सुरुवात होती. मी हातातली जुडी ठेवली आणि पुढचं आठवायला बसले. वानरांनी काय केलं? काय पळवलं? वेणू त्यांना काय म्हणाली? काही येईना. भाजी तशीच राहिली, उन्हं ओसरीवरून उतरून गेली. आठवलं ते एवढंच, की ते पत्र ऐकताना काशी हसली होती. पोट धरून हसली होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि हसता हसता मागं कुडावर आदळली तेव्हा सगळा कूड हलला होता. तिचं ते हसणं मला लख्ख ऐकू येतं. ती कशाला हसली होती, ते मात्र आता मला आठवत नाही.